भंगाराचं फाटक

भोंगा वाजला तेव्हा रंगनाथने मागे वळून पाहिलं. भंगाराची गाडी आली असणार आणि तिच्यात कुठल्या तरी जुन्या मशीनचा किरणं सोडणारा तुकडा निघाला असणार, असं त्याला वाटलं. मागे गाडी नव्हती. नगरच्या एमआयडीसीतला सकाळचा मोकळा रस्ता होता, एक कुत्रं होतं, आणि फाटकाच्या, किरणं हुडकणाऱ्या दोन पिवळ्या खांबांच्या मधोमध तो स्वतः उभा होता, हातात जेवणाचा डबा घेऊन. लोखंड वितळवायच्या या कारखान्यात वजनकाट्यावर बसून त्याचे केस पांढरे झाले होते, पण या खांबांमधून तो कधी चालत गेला नव्हता. माणसांचं फाटक वेगळं. आज तिथे ताजं काँक्रीट ओतलेलं, म्हणून वॉचमन सगळ्यांना गाड्यांच्या फाटकातून सोडत होता. रंगनाथच्या पुढे बरीच माणसं गेली, खांब गप्प बसले. तो आला आणि बोंब उठली. "काका, काकूंनी डब्यात काय दिलंय?" वॉचमन हसत म्हणाला. डबा खाली ठेवून तो पुन्हा आत आला, पुन्हा भोंगा. मग घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, कमरेचा पट्टा काढला. एका हाताने पँट सावरत तो पुन्हा खांबांमधून गेला आणि भोंगा पुन्हा वाजला, तेव्हा हसणारे हसायचे थांबले आणि दोन पावलं मागे सरकले. त्यांच्यात वर्षानुवर्षं त्याच्या डब्यातली भाजी खाणारेही होते.

सेफ्टीचा आदिनाथ हातात लहान यंत्र घेऊन आला. त्याने ते रंगनाथच्या पायापासून वर फिरवत नेलं. मांडीपर्यंत ते अधूनमधून टिकटिकत होतं. उजव्या बरगडीखाली आलं आणि तापल्या तेलात मोहरी पडावी तसं तडतडायला लागलं. आदिनाथने यंत्र बंद केलं. "काका, आत या जरा," एवढंच म्हणून तो त्याला केबिनमध्ये घेऊन गेला, खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाच्या पार पलीकडे जाऊन बसला. "रजेवर होतात ना मध्ये? काही ट्रीटमेंट घेतलीत?" रंगनाथ म्हणाला, "घेतली ना. लिव्हरला सूज होती. पुण्याच्या हॉस्पिटलात सुई दिली." कसली सुई, या प्रश्नाला त्याने जरा ऐटीतच उत्तर दिलं, "चरबीचे बुडबुडे." हे त्याला डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं होतं. चांगली हसरी बाई. कागदावर गोल काढून म्हणाली होती, चरबीचे अगदी बारीक बुडबुडे असतात हे, डोळ्यांना न दिसणारे, रक्तातून जातात आणि दुखण्याच्या जागी जाऊन थांबतात. त्यांच्या पोटात आम्ही दोन गोष्टी भरतो. एक औषध, आणि दुसरं... इथे मेव्हण्याने, छगनने, तिला थांबवलं होतं. "म्याडम, दाजींना मी समजावतो भाईर. तुमचा टाईम कशाला घालवता?" तिने छगनला विचारलं होतं, सगळी कल्पना दिलीय ना यांना? छगन म्हणाला होता, हो तर. रंगनाथनेही मान डोलावली होती, कारण आपला माणूस हो म्हणतोय म्हटल्यावर आपण नाही कशाला म्हणायचं. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. बुडबुड्याच्या पोटातली दुसरी गोष्ट राहून गेली ती गेलीच, आणि ती आपण कधी विचारलीही नाही, हे त्याला आत्ता त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"तुमच्याबरोबर कोण होतं? नंबर द्या त्यांचा," आदिनाथ म्हणाला. त्याने छगनला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मोबाईल टेबलावर ठेवला. छगनच्या गावच्या, बेलापूरच्या वाऱ्याचा आवाज आला, पाण्याच्या मोटारीचा आवाज आला. छगन उसात असणार. आदिनाथने कारखान्यातून बोलतोय म्हणून सांगितलं, फाटकावरचं यंत्र वाजल्याचं सांगितलं. पलीकडून छगन ओरडून बोलला. "आयला, अजून वाजतंय व्हय? डॉक्टरीनबाई तर म्हनल्या, आता कायबी धोका न्हाई. सायेब, कॅन्सरचं औषद हाय ते. त्या बुडबुड्यात औषद अन् किरनांचं, आसं दोनी एकात घालून देत्यात. पर तुमी त्यांच्याम्होरं काई बोलू नका बरं का. दाजींना यातलं काईच ठावं न्हाई. आमच्या ताईनं लई निगुतीनं झाकलंय." आदिनाथचा हात फोनकडे गेला, पण तोवर सगळं बोलून झालं होतं. छगन अजून "हॅलो, हॅलो" करत होता. रंगनाथला प्रथम काय वाटलं असेल तर लाज वाटली. मरणाची भीती नाही, नुसती लाज. चारचौघांत धोतर सुटावं तशी. या परक्या पोरासमोर आपल्याच घरच्यांनी आपल्याला बावळट ठरवलं, आणि तो पोरगा आता खाली बघतोय.

आदिनाथने पाणी दिलं. मग शाळेतल्या मास्तरासारखं हळूहळू समजावून सांगितलं. बुडबुडा गाठीपर्यंत पोचतो आणि तिथे फुटतो, औषध आतून मारतं आणि किरणं जवळून भाजतात. म्हणून दोन्ही एकाच गाडीने पाठवायची. किरणांचा जोर आठवड्या-आठवड्याला निम्मा होत जातो. आता उरलाय तो किरकोळ, फाटकावरचे खांब फारच तिखट कानांचे आहेत म्हणून त्यांना ऐकू आला. सुरुवातीचे दिवस तेवढे जपायचे असतात. वेगळं झोपायचं, पाणी भरपूर प्यायचं, कपडे वेगळे धुवायचे, लघवीला बसून जायचं म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, गरोदर बाया आणि लहान मुलं यांच्यापासून लांब राहायचं. "हे सगळं तुम्हाला सांगितलंच असेल," आदिनाथ म्हणाला. रंगनाथला सांगितलं होतं. सगळं, अगदी या क्रमाने सांगितलं होतं. फक्त सांगणाऱ्यांनी ते मोहट्याच्या देवीच्या नावाने सांगितलं होतं.

पुण्याहून घरी आला त्या दिवशी बायकोने, सिंधूने, त्याला उंबऱ्यातच थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता आणि म्हणाली होती, "मी देवीला बोलले हाय. तुमचं दुखणं बरं व्हावं म्हनून पुढच्या पुनवेपर्यंत तुमच्या नावचा नवस धरलाय. मोडायचा न्हाई." गच्चीवरच्या खोलीत एकट्याने झोपायचं. ताट-तांब्या वेगळा. देवीचं तीर्थ म्हणून तासातासाला तांब्याभर पाणी. धुणं नवसाचं, ते इतर कपड्यांत मिसळायचं नाही. आणि हो, उभ्याने लघवी करायची नाही. तेव्हा तो हसला होता. देवीला एवढंच बघायला वेळ आहे का, म्हणाला होता, आणि सिंधू हसली नव्हती. खरं तर तो देवभोळा नव्हे. घरातल्या देवाला तो येता-जाता मान तुकवायचा, साहेबाला नमस्कार करावा तसा. पण सिंधूसाठी म्हणून धरलेला तो नवस त्याच्या अंगवळणी पडला. संध्याकाळी गच्चीवर बाजेवर पडल्यावर, खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असताना, त्याला हळूहळू असं वाटायला लागलं की आपल्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे, मायेची नजर. आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासून हात जोडायला शिकला. सिंधू पिवळे रबरी हातमोजे घालून त्याचे कपडे धुवायची. सोड्याने हात सोलतात म्हणायची, आणि आपल्यापायी हिचे हात सोलले म्हणून त्याचा जीव तुटायचा. काल पौर्णिमेला दोघं मोहट्याला जाऊन आली. देवीच्या पायावर डोकं ठेवल्यावर त्याला हुंदका आवरला नाही. सिंधूही रडली. तिचे डोळे पुसताना त्याला वाटलं होतं, हे नवस फेडल्याचं समाधान आहे.

"काका, घरात लहान मूल वगैरे नाही ना?" आदिनाथने विचारलं. तो प्रश्न कानावर आला आणि इतका वेळ लाजेने भरलेलं त्याचं डोकं एकदम रिकामं झालं. लहान मूल घरात नव्हतं. घरात यायला हवं होतं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. दिपाली त्यासाठीच भरल्या दिवसांत सासरहून आली होती. एकुलती एक लेक, तिच्यासाठी त्याने स्वतः खाट आवळून ठेवली होती. पण नवसात सोयर चालत नाही, बाळंतिणीचा विटाळ झाला तर केलेलं सगळं वाया जाईल, असं म्हणून सिंधूने तिला मामाकडे बेलापूरला पाठवून दिलं. मुलगा झाल्याचं गच्चीवरच्या रंगनाथला खालून ओरडून सांगितलं गेलं. पेढाही कुणीतरी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवला. "एक दुपार," तो आदिनाथला म्हणाला. "तान्हं मूल एक दुपार मांडीवर घेतलं असेल तर? सुई घेऊन आठवडासुद्धा झाला नसताना?" भिंतीला उजेड लागतो म्हणून भिंत काही दिवा होत नाही, बाळाच्या अंगात ते राहत नाही, असं काहीसं आदिनाथ बोलला. यंत्र लावून पाहिलं तरी काही वाजणार नाही. मग काय होईल, या प्रश्नावर म्हणाला, "बहुतेक काही होणार नाही. पण हॉस्पिटलला फोन करून विचाराच." बहुतेक. वजनकाट्यावर उभ्या आयुष्यात रंगनाथने हा शब्द कधी वापरला नव्हता.

रिक्षात बसताना तो रिक्षावाल्यापासून लांब, अगदी कोपऱ्यात सरकून बसला. त्या दुपारी, बेलापूरला जाताना, एसटीत शेजारी एक बाई बसली होती, पोटुशी होती की नव्हती? आठवेना. सिंधूला त्याने सांगितलं होतं, मित्राच्या दुकानात बसून येतो, आणि सरळ श्रीरामपूरची गाडी धरली होती. रस्ताभर मनातल्या मनात देवीशी वाद घातला. म्हणाला, बाई, तू आई आहेस, तुला हे कळत नसेल तर कुणाला कळेल? नातवाचं तोंड बघून येतो, मग पुढे दुप्पट कडक पाळतो. आणि राहुरी मागे पडेपर्यंत देवी हो म्हणाली होती. त्याची अगदी खात्री पटली होती. बेलापुरात छगन शेतावर, मामी बाजाराला. दार दिपालीने उघडलं. त्याला बघून ती चौकट धरून उभीच राहिली. "आप्पा, तुम्ही कसे आलात? नवस..." तो म्हणाला, "देवीला सांगून आलोय. बोलू नको कुठं." ती तरी उभीच. लेकीला भरून आलंय, असं समजून तोच तिच्या बाजूने आत गेला होता. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. बाळ लाल दुपट्यात, मुठी आवळून. त्याने मांडी घातली, हात पुढे केले, आणि दिपालीने जरा वेळाने, जरा जास्तच वेळाने, बाळ त्याच्या हातांत दिलं.

काय वजन होतं ते! आयुष्यभर टनांत मोजणाऱ्या माणसाच्या हाताला ते वजन कळेना. त्याने बाळाला उजव्या अंगाला घेतलं, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि ते इवलं डोकं बरगड्यांवर टेकवलं, कातडीला कातडी लागावी म्हणून. बाळाने दोनदा तोंड हलवलं आणि ते झोपलं. त्याच्या श्वासाची ऊब नेमकी तिथे लागत होती जिथे आज यंत्र तडतडलं. किती वेळ बसला होता? उन्हाची तिरीप दारातून कोनाड्यापर्यंत गेली होती. दिपाली भिंतीला टेकून समोर बसलेली. एकदा म्हणाली, "द्या आप्पा, पाजायचंय त्याला." तो म्हणाला, "थांब गं, झोपलंय. झोपलेल्या लेकराला उठवू नये." मग पुन्हा एकदा पुढे झाली, "तुमचे पाय भरून आले असतील." त्याने हसून मान हलवली होती. आजोबाचे पाय कुठे भरून येतात! तो पूर्णपणे सुखी होता त्या वेळी, इतका की दुखणं पार विसरून गेला होता. परतताना श्रीरामपूरच्या स्टँडवरच्या नळाखाली डोकं धरून, हातपाय खसाखसा धुऊन त्याने सोयर उतरवलं, म्हणजे घरी सिंधूला दोष लागायला नको. ओल्या केसांनी एसटीत बसून तो स्वतःशीच हसत आला होता. आता रिक्षात त्याने सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत लावून घेतलं.

सिंधू दारात उभी होती. छगनचा फोन तिला येऊन गेला असणार, कारण तिने एवढ्या लवकर कसे आलात म्हणून विचारलं नाही. तो आत येऊन पलंगावर बसला, ती उभ्या उभ्या पदराचं टोक पिळत राहिली. "तुमच्या भाऊंचं बघितलं न्हवतं का तुमी?" ती म्हणाली. "नाव कळलं अन् त्यांनी जेवनच टाकलं. रोगानं न्हाई गेले ते, नावानं गेले. तुमीच म्हनाला हुता, दादाला सांगायलाच नको हुतं." म्हणाला होता, खरं आहे. सरणाशेजारी उभं राहून म्हणाला होता. पण तेव्हा तो सांगणाऱ्यांच्या बाजूला होता. ज्याच्यापासून झाकायचं त्याच्या बाजूला उभं राहिल्यावर हे कसं दिसतं ते त्याला ठाऊक नव्हतं. "मरतोय मी, तर मला सांगायचं नाही? काल देवीपुढं रडलो मी, तू बघत होतीस. केसानं गळा कापलास सिंधू." ती म्हणाली, "मरत न्हाई तुमी. डॉक्टरीनबाई म्हनल्या, गाठ बारीक व्हायला लागलीय. लागलीय म्हनून तर मी काल रडले." चांगली बातमी होती ती. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तिच्याकडे ती चांगली बातमी इतके दिवस होती आणि तिला ती नवऱ्याला सांगता येत नव्हती, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मी बाळाला घेतलं होतं," तो म्हणाला. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं; एसटी, बेलापूर, उघडी बटणं, सगळं. सिंधू खाली फरशीवर बसली. तिने विचारलं, कधी? त्याने सांगितलं. मग ती अगदी बारीक आवाजात बोलली. "मानसाचं नाव घेतलं असतं तर तुमी मोडलं असतं. डॉक्टरचं पथ्य तुमी कधी पाळलंय का? म्हनून मी देवीचं नाव घेतलं. देवीचं तरी मोडनार न्हाई म्हनून."

"देवी माफ करते, सिंधू," तो म्हणाला. "म्हणून तर मोडलं."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम गुडघ्यावर उठून त्याचे दोन्ही हात धरले, हातमोजे नसलेल्या हातांनी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हे बघा, दिपालीला यातलं काई कळू द्यायचं न्हाई. ओली बाळंतीन हाय, धसका घेईल, दूध आटंल तिचं. मी सांगते तिला काईतरी." सांगते काहीतरी! याच तोंडाने, याच मायेने. हिने आत्ताच दुसरी देवी शोधायला घेतलीसुद्धा, असं त्याच्या मनात आलं, आणि घृणा आली. या घरात प्रेम म्हणजे डोळ्यांवर घट्ट बांधलेला रुमाल, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या डोळ्यांवर बांधायला टपलेला. त्याने हात सोडवून घेतले आणि फोन उचलला. सिंधू "अहो, नको, तुमाला माझी शपथ" म्हणत राहिली. निदान एका माणसाशी तरी खरं बोलायचं, मग लेकीने तोंड बघितलं नाही तरी चालेल, एवढंच त्याला कळत होतं. पलीकडे घंटी वाजली.

"दिपाली," तो म्हणाला, "मला कॅन्सर आहे बाळा." तो शब्द त्याने स्वतःविषयी पहिल्यांदाच उच्चारला. पलीकडून उसासाही आला नाही. त्याला वाटलं, फोन लागला नाही की काय. मग तिचा आवाज आला, हळू, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा. "माहितीये मला आप्पा."

हेही होतंच म्हणा. सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाच कसं नसेल? त्याने पलंगाची कड घट्ट धरली. तिला अर्धवट माहीत असेल, नुसतं दुखण्याचं नाव, या आशेने तो पुढे बोलत राहिला. ती सुई साधी नव्हती गं, त्यात किरणं होती, मला कुणी सांगितलं नाही, आणि मी त्या दिवशी तिकडे आलो. "तेही माहितीये," दिपाली म्हणाली. "आईनं आधीच सगळं सांगितलं होतं. म्हणून तर मी मामाकडं आले."

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला. "मग माझ्याकडं दिलंस कशाला त्याला?"

सिंधूने तोंडात पदर कोंबला होता. दिपाली रडत नव्हती, पण एकेक शब्द वेगळा काढून बोलत होती.

"तुम्ही हात पुढं करून बसला होतात. नाही देत म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंत. काय सांगणार होते मी? आईनं माझ्या पोटातल्या लेकराची शपथ घातली होती, आप्पांना कळू देऊ नकोस म्हणून. वाटलं, पाच मिनिटं घेतील आणि देतील परत." ती थांबली. "मी दोनदा मागितलं त्याला. आप्पा, तुम्ही दिलंच नाही."